लोखंड, रबर की प्लास्टिक? मिश्र मालाचा सीमाशुल्क कोड ठरवताना

परदेशातून सुटे भाग किंवा कच्चा माल मागवणाऱ्या लघुउद्योजकांकडून एक प्रश्न सारखा येतो. "या भागात साठ टक्के पोलाद आणि चाळीस टक्के रबर आहे. म्हणजे कोड पोलादाचाच लावायचा ना?" त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो. "हा भाग मशीनमध्येच बसतो, तर मशीनच्या भागाचा कोड का नको?" दोन्ही प्रश्नांमागचा समज स्वाभाविक आहे आणि तो अनेकदा महागात पडतो. मिश्र मालाचा कोड सरसकट वजनावर ठरत नाही आणि माल कुठे बसतो एवढ्यावरही ठरत नाही. तो ठरतो शुल्कसूचीतल्या शब्दांवर आणि तिच्या टिपांवर. वजन, किंमत, उपयोग यांची पाळी त्यानंतर येते. कित्येक मालांच्या बाबतीत ती येतच नाही.

चाकण, भोसरी, वाळूज, सातपूर अशा ठिकाणी कारखाना चालवून न्हावा शेवामार्गे माल आणणाऱ्या आणि कोडचे काम पूर्णपणे कस्टम्स ब्रोकरवर सोडलेल्या वाचकांनी हा लेख जरूर वाचावा. बिल ऑफ एंट्री ब्रोकर भरतो, पण जबाबदारी तुमचीच राहते. २०११ पासून सीमाशुल्क कायद्याच्या कलम १७ नुसार आयातदाराने आपल्या मालाचे करनिर्धारण स्वतः करायचे असते. त्यात वर्गीकरणही आले.

चुकीचा कोड कुठे कुठे नडतो

"आयजीएसटीचे क्रेडिट मिळतेच, मग कोड थोडा इकडेतिकडे झाला तर काय बिघडते?" असे म्हणणारे बरेच भेटतात. बिघडते ते असे की मूळ सीमाशुल्काचे आणि त्यावरच्या अधिभाराचे क्रेडिट मिळत नाही. तो थेट खर्च आहे. शिवाय अँटी-डम्पिंग शुल्क लागते का, बीआयएसचा गुणवत्ता नियंत्रण आदेश लागू होतो का, मुक्त व्यापार करारातली सवलत मिळते का, या प्रत्येक प्रश्नाची सुरुवात कोडपासूनच होते. दर दोन्हीकडे सारखाच असला, तरी या कारणांमुळे कोड चुकवून चालत नाही.

आधी माल ओळखा

शुल्कसूची उघडण्याआधी मालाची माहिती टेबलावर हवी. पुरवठादाराकडून ऑर्डर देतानाच पुढील गोष्टी मागून घ्या. माल बंदरात आल्यावर मागायला गेलात, तर उत्तर यायला आठवडा जातो आणि डेमरेज चढत राहते.

- ड्रॉइंग आणि आडवा छेद, म्हणजे कोणता थर कुठे आहे ते दिसेल.
- प्रत्येक घटकाचे वजन आणि किंमत यांचा तक्ता.
- रबर असेल तर ते व्हल्कनाइज्ड आहे का, कठीण रबर आहे का. प्लास्टिक असेल तर कोणते. कापड असेल तर कोणत्या धाग्याचे आणि प्रति चौरस मीटर वजन किती.
- जाडी, व्यास, रुंदी. काही शीर्षके केवळ मिलिमीटरवर बदलतात, हे पुढे दिसेल.
- माल काय काम करतो आणि ते काम त्यातला कोणता घटक करतो.
- तो कसा येतो: सुटा, जोडलेला की संच म्हणून एका पाकिटात.

पुरवठादाराच्या इन्व्हॉइसवरचा कोड हा फक्त एक सुगावा समजा. पहिले सहा अंक जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या पद्धतीनुसार सगळीकडे सारखे असतात, पण शेवटचे अंक प्रत्येक देश आपापले ठरवतो. आपल्याकडे कोड आठ अंकी आहे. पहिले सहा अंकसुद्धा पुरवठादाराने बरोबरच लावले असतील याची खात्री नसते. निर्यातीवर बहुधा शुल्क नसल्याने त्याला कोड काटेकोर लावण्याची गरज वाटत नाही.

वाचण्याचा क्रम

आपल्या सीमाशुल्क दर कायद्याच्या, म्हणजे १९७५ च्या कायद्याच्या, पहिल्या अनुसूचीच्या सुरुवातीलाच अर्थ लावण्याचे सहा सर्वसाधारण नियम दिले आहेत. ते क्रमानेच लावायचे असतात. बहुतेक वाद पहिला नियम ओलांडून थेट तिसऱ्यावर उडी मारल्यामुळे होतात.

१. चारअंकी शीर्षकाचा मजकूर आणि विभाग व प्रकरणाच्या टिपा वाचा. हा पहिला नियम. विभागांची आणि प्रकरणांची नावे फक्त सोयीसाठी असतात, त्यांना कायदेशीर वजन नाही. टिपांना आहे. "या प्रकरणात पुढील वस्तू येत नाहीत" अशी यादी प्रकरणाच्या सुरुवातीलाच असते. ती प्रथम वाचा.

२. माल अपुरा किंवा सुटा आहे का ते पाहा. तयार वस्तूचे मूळ रूप आले असेल, तर अर्धवट किंवा न जोडलेला मालही त्याच शीर्षकात जातो. याच नियमाचा दुसरा भाग सांगतो की एखाद्या पदार्थाचा उल्लेख असेल, तर त्यात तो पदार्थ दुसऱ्याशी मिसळलेला किंवा जोडलेला असलेला मालही येतो. म्हणून रबराच्या वस्तूत लोखंडी तुकडा बसवला, एवढ्याने ती रबराच्या शीर्षकातून आपोआप बाहेर पडत नाही. मात्र त्यामुळे दोन शीर्षकांचा दावा उभा राहिला, तर तिसऱ्या नियमाकडे जावे लागते.

३. तिसरा नियम पायरीपायरीने लावा. आधी अधिक नेमके वर्णन करणारे शीर्षक पाहायचे. पण इथे एक मेख आहे. दोन शीर्षके मालातल्या एकेका पदार्थापुरतीच बोलत असतील, तर त्यातले एक कितीही नेमके वाटले तरी दोघांना सारखेच नेमके मानावे लागते. मिश्र मालात बहुधा हेच होते. मग मालाला त्याचे मूळ स्वरूप कोणत्या घटकामुळे आले ते तपासायचे. तेही ठरेना, तेव्हाच सारख्याच योग्य शीर्षकांपैकी क्रमाने शेवटी येणारे घ्यायचे.

४. चार अंक पक्के झाल्यावरच सहा आणि आठ अंकांकडे जा. हा सहावा नियम. आठअंकी ओळीत आपल्या मालाचे नाव जसेच्या तसे दिसले म्हणून तिथून उलटे वर चढू नका. शीर्षकच चुकले असेल, तर त्या ओळीचा उपयोग नाही.

चौथा नियम इतर कुठेच न बसणाऱ्या मालासाठी आहे, पाचवा पेट्या आणि वेष्टनांसाठी. आपल्या विषयात दोघांचाही फारसा संबंध येत नाही.

वजन कुठे चालते, कुठे नाही

वजनाची टक्केवारी जिथे टीप तसे सांगते तिथे चालते. धातूंच्या विभागात दोन किंवा अधिक मूळ धातूंची वस्तू ज्या धातूचे वजन सर्वांत जास्त त्याची मानली जाते. कापडाच्या विभागातही मिश्र धाग्यांसाठी असाच नियम आहे. पण पोलाद विरुद्ध रबर किंवा प्लास्टिक विरुद्ध कापड अशी गाठ पडली, की हा सरळ हिशेब संपतो. काही नेहमीच्या वस्तू घेऊन पाहू.

*कार्बाइड टिपचा ड्रिल.* दांडा पोलादाचा आणि वजनाचा जवळजवळ सगळा भार त्याचाच. टोकाला कार्बाइडचा लहानसा तुकडा. प्रकरण ८२ ची पहिली टीप हत्याराचा काम करणारा भाग, म्हणजे धार किंवा कापणारी बाजू, कशाची आहे ते पाहायला सांगते. दांड्याचे वजन तिथे मोजले जात नाही.

*ब्रेक लायनिंग.* घर्षणाचा पदार्थ सुटा आला तर शीर्षक ६८१३. तोच पदार्थ पोलादी पाटीवर चिकटवून गाडीचे ब्रेक पॅड म्हणून आला तर ८७०८ मधले ब्रेक आणि त्यांच्या भागांचे उपशीर्षक. पदार्थ तोच, काम तेच. बसवलेला की न बसवलेला, एवढ्यावर प्रकरण बदलते. ऑर्डरमध्ये दोन्ही प्रकार असतील, तर इन्व्हॉइसवर दोन वेगळ्या ओळी हव्यात.

*कॅस्टर, म्हणजे ट्रॉलीखालची फिरती चाके.* धातूची बैठक आणि नायलॉन किंवा रबराचे चाक. शीर्षक ८३०२ मध्ये कॅस्टर नावानिशी आहेत, पण प्रकरण ८३ ची टीप माप घालून देते. टायरसह व्यास ७५ मिलिमीटरपर्यंत असेल तर तो ८३०२ मध्ये. त्याहून मोठा असेल, तर चाकाची किंवा टायरची रुंदी ३० मिलिमीटरपेक्षा कमी हवी. म्हणजे १०० मिलिमीटर व्यासाचा आणि २५ मिलिमीटर रुंदीचा कॅस्टर आत, तर तेवढ्याच व्यासाचा ३५ मिलिमीटर रुंदीचा कॅस्टर बाहेर. एकाच कॅटलॉगमधली दोन मापे दोन वेगळ्या शीर्षकांत जाऊ शकतात. माल आल्यावर व्हर्नियर लावून मोजा आणि त्याचा फोटो फाइलला ठेवा.

*गॅस्केट आणि सील.* इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो, कारण बाजारात सगळ्यालाच "सील" म्हणतात. नुसत्या व्हल्कनाइज्ड रबराची ओ-रिंग ४०१६ मध्ये जाते. धातूचा पत्रा दुसऱ्या पदार्थाशी जोडलेले गॅस्केट किंवा धातूच्याच दोन-तीन थरांचे गॅस्केट ८४८४ मध्ये जाते. मेकॅनिकल सीलही ८४८४ मध्येच, पण वेगळ्या उपशीर्षकात. निरनिराळ्या पदार्थांच्या गॅस्केटचा संच एका पाकिटात आला, तर त्याचीही सोय ८४८४ मध्ये केलेली आहे. पाकीट फोडून एकेका गॅस्केटचा कोड शोधत बसू नका. आणि रबराची कड, आत लोखंडी कडे अशी ऑइल सील असेल, तर जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या समजावणी टिपांमध्ये (एक्सप्लनेटरी नोट्स) तिचा उल्लेख ८४८७ खाली आहे. "सील" एवढाच शब्द इन्व्हॉइसवर असेल, तर अधिकारी विचारणा करणार हे धरूनच चाला.

*कन्व्हेयर बेल्ट.* व्हल्कनाइज्ड रबर आणि आत कापडाचे थर असतील तर ४०१०. तिथे मजबुतीसाठी फक्त धातू वापरला आहे की फक्त कापड, यावर उपशीर्षक बदलते. पीव्हीसी बेल्टसाठी आपल्या शुल्कसूचीत ३९२६ खाली स्वतंत्र ओळ आहे. कापडी बेल्टचे शीर्षक ५९१०, पण ३ मिलिमीटरपेक्षा पातळ कापडी पट्टा लांबीने आला तर टीप त्याला तिथून बाहेर काढते, आणि रबराचा लेप असलेला कापडी बेल्टही ४०१० कडेच पाठवते. हे सगळे बेल्ट कन्व्हेयरवरच चालतात, तरी कन्व्हेयरच्या भागांच्या शीर्षकात जात नाहीत.

प्लास्टिकचा लेप दिलेले कापड: घरी करता येणारी तपासणी

तंबू, छत, ट्रकची आच्छादने, फुगवायच्या वस्तू यांसाठी लेप दिलेले कापड मागवणाऱ्यांनी प्रकरण ५९ ची दुसरी टीप पाठ करावी, इतकी ती कामाची आहे. प्लास्टिकचा लेप दिलेले कापड सर्वसाधारणपणे ५९०३ मध्ये जाते, पण त्याला अपवाद आहेत. लेप नुसत्या डोळ्यांना दिसत नसेल, तर माल साध्या कापडाच्या प्रकरणात परत जातो, आणि लेपामुळे फक्त रंग बदललेला दिसत असेल तर तो "दिसणे" धरत नाहीत. कापड प्लास्टिकमध्ये पूर्ण बुडालेले असेल, किंवा दोन्ही बाजूंनी सगळीकडे दिसेल असा लेप असेल, तर माल प्रकरण ३९ मध्ये जातो. फोमच्या पत्र्याला कापड केवळ मजबुतीसाठी लावले असेल तरीही ३९.

आणखी एक कसोटी आहे ती वाकवण्याची. १५ ते ३० अंश सेल्सियस तापमानात, ७ मिलिमीटर व्यासाच्या दांड्याभोवती हाताने वाकवताना माल मोडल्याशिवाय वाकत नसेल, तर तो सहसा प्लास्टिकच्या प्रकरणात जातो. ७ मिलिमीटरची गोल सळई कुठल्याही वर्कशॉपमध्ये मिळते. नमुन्याच्या दोन-तीन पट्ट्या कापा, सळईभोवती वळवा, भेग पडते का ते पाहा. खोलीचे तापमान लिहून ठेवा. विदर्भात मे महिन्यात ही तपासणी करणार असाल, तर आधी खोली थंड करून घ्या. चाळीस अंशांत प्लास्टिक मऊ पडते आणि निष्कर्ष नियमात बसत नाही. लेपाची बाजू पाहण्यासाठी कापलेली कड भिंगाखाली धरा. ही तपासणी सरकारी प्रयोगशाळेच्या अहवालाची जागा घेऊ शकत नाही, पण ऑर्डर देण्याआधी तुम्ही कुठल्या बाजूला आहात ते बरेचसे कळते.

रबराचा लेप दिलेल्या कापडाला वेगळा हिशेब आहे. ५९०६ मध्ये प्रति चौरस मीटर १५०० ग्रॅमपर्यंतचे कापड येते. त्याहून जड असेल, तर त्यात वजनाने निम्म्याहून जास्त कापड असावे लागते.

"मशीनमध्ये बसतो" हा मुद्दा का पुरत नाही

यंत्रांच्या विभागाची, म्हणजे प्रकरण ८४ आणि ८५ ची, पहिलीच टीप बऱ्याच गोष्टी बाहेर काढते. कठीण रबर सोडून व्हल्कनाइज्ड रबराच्या तांत्रिक वापराच्या वस्तू, प्लास्टिकचे आणि रबराचे बेल्ट, तसेच सर्वसाधारण वापराचे भाग, म्हणजे नट, बोल्ट, वॉशर, स्प्रिंग यांसारखे. वाहनांच्या विभागातही जॉइंट, वॉशर आणि रबराच्या वस्तूंना असाच मज्जाव आहे. तुमचा बोल्ट एकाच कंपनीच्या एकाच मशीनसाठी खास बनवलेला असला, तरी तो बोल्टच राहतो.

सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये युनि प्रॉडक्ट्स या कंपनीच्या प्रकरणात गाडीत अंथरायच्या कापडी मॅट गाडीच्या भागांत न धरता प्रकरण ५७ मध्ये, म्हणजे गालिच्यांसोबत धरल्या. त्या मॅट गाडीसाठीच बनवलेल्या होत्या, हा उत्पादन शुल्क विभागाचा मुद्दा टिकला नाही. तो निकाल उत्पादन शुल्काचा असला, तरी शीर्षके त्याच पद्धतीची आहेत. याचा अर्थ प्रत्येक भागाला पदार्थाचाच कोड लावावा असा मात्र नाही. टिपेने बाहेर काढलेले नसेल आणि भाग मुख्यतः एका यंत्रासाठीच असेल, तर यंत्राच्या भागाचा कोड योग्य ठरतो. आधी वगळलेल्या वस्तूंची यादी, मग भागाचा नियम, हा क्रम पाळा.

मूळ स्वरूप कसे मांडावे

टिपांनी उत्तर दिले नाही, तर मूळ स्वरूपाचा प्रश्न उरतो. समजावणी टिपांनुसार पदार्थाचे स्वरूप, आकारमान, प्रमाण, वजन, किंमत आणि वापरातली भूमिका, यांपैकी काहीही निर्णायक ठरू शकते. माझ्या मते औद्योगिक मालात वापरातली भूमिका सर्वांत आधी मांडावी, कारण ती ड्रॉइंगवरून दाखवता येते आणि अधिकाऱ्याला पटवता येते.

जनरेटरच्या पायाखाली बसणारे कंपनरोधक माउंट घ्या. दोन पोलादी चकत्या, मध्ये व्हल्कनाइज्ड रबर, दोन्हीकडे स्टड. पोलादाचे वजन जास्त असू शकते. पण कंपन शोषण्याचे काम रबर करते. पोलाद ते फक्त जागेवर धरून ठेवते. रबर काढले तर जे उरते त्याचा माउंट म्हणून काहीच उपयोग नाही. ४०१६ साठी हा युक्तिवाद भक्कम आहे. युरोपीय संघाच्या शुल्कसूचीत तर ४०१६ खाली वाहनांच्या रबर-धातू जोड भागांसाठी स्वतंत्र ओळच आहे. तरीही आपल्याकडे अशा मालावर अधिकाऱ्याने वेगळे मत मांडणे अशक्य नाही, म्हणून ही कारणे बिल ऑफ एंट्री भरण्याआधीच एका कागदावर लिहून, तारीख घालून ठेवा.

समजावणी टिपांना कायद्याचा दर्जा नाही, पण सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या वुडक्राफ्ट प्रॉडक्ट्स प्रकरणात, ब्लॉकबोर्डच्या वर्गीकरणाचा वाद सोडवताना, त्यांना भरवशाचा मार्गदर्शक मानले आहे. अमेरिकेचा 'क्रॉस' हा निर्णयसंग्रह आणि युरोपातले बीटीआय निर्णय इंटरनेटवर फुकट वाचता येतात. ते आपल्याकडे बंधनकारक नाहीत, पण सहा अंकांपर्यंतचा युक्तिवाद कसा बांधावा ते त्यातून चांगले शिकता येते.

इन्व्हॉइसवरचे वर्णन

३१ ऑक्टोबर २०२० पासून फेसलेस पद्धत देशभर लागू आहे. तुमचा माल न्हावा शेव्याला उतरला, तरी बिल तपासणारा अधिकारी दुसऱ्या शहरात असू शकतो. त्याच्यासमोर माल नसतो, तुमचे शब्द आणि ई-संचितवर चढवलेली कागदपत्रे असतात. "रबर पार्ट्स" असे लिहिले, तर विचारणा होणारच. त्याऐवजी असे लिहा: "कंपनरोधक माउंट, व्हल्कनाइज्ड रबर आणि पोलाद जोडलेले, दोन्ही बाजूंना एम-१० स्टड, व्यास ५० मिमी, जनरेटरसाठी." सोबत ड्रॉइंग आणि घटकांचा तक्ता चढवा.

पूर्ण वर्णनाचा आणखी एक फायदा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये नॉर्दर्न प्लास्टिक्स प्रकरणात म्हटले, की मालाचे वर्णन खरे असताना आपल्या समजुतीप्रमाणे सवलतीचा दावा करणे म्हणजे खोटी माहिती देणे नव्हे. कोड चुकला आणि वर्णन खरे होते, तर तुमची बाजू बरीच सांभाळली जाते. वर्णनच मोघम असेल, तर लपवाछपवीचा आरोप होतो.

शंका उरली तर दोन वाटा

*अग्रिम निर्णय.* नेहमी येणारा माल असेल, तर ही सर्वांत चांगली वाट. सीमाशुल्क अग्रिम निर्णय प्राधिकरण मुंबई आणि दिल्लीत आहे; महाराष्ट्रातल्या अर्जदारांनी मुंबईला अर्ज करायचा. शुल्क १०,००० रुपये. अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत निर्णय द्यावा असे कायदा सांगतो. निर्णय तुमच्यावर आणि तुमच्या बाबतीत सीमाशुल्क विभागावर बंधनकारक असतो. शेजारच्या कारखान्याला मिळालेला निर्णय तुम्ही आपला म्हणून दाखवू शकत नाही, पण असे निर्णय प्रसिद्ध होतात, ते जरूर वाचा. तोच प्रश्न तुमच्या बाबतीत अधिकाऱ्यापुढे, न्यायाधिकरणापुढे किंवा न्यायालयात आधीच चालू असेल, तर अर्ज घेतला जात नाही. म्हणून वाद होण्याआधी जा. निर्णयाला मुदत असते. २०२२ च्या दुरुस्तीने ती तीन वर्षांची केली; अर्ज करताना त्या वेळी लागू असलेली मुदत तपासून घ्या. कायदा किंवा वस्तुस्थिती बदलली, तर निर्णय त्याआधीच संपतो.

*तात्पुरते करनिर्धारण.* माल दारात आला आहे आणि कोडबद्दल खात्री नाही, तर कलम १८ खाली बाँड आणि तारण देऊन माल सोडवता येतो. अंतिम निर्णयानंतर फरक भरायचा किंवा परत घ्यायचा. हे प्रकरण वर्षानुवर्षे लोंबकळत राहायचे. २०२५ च्या वित्त कायद्याने ते दोन वर्षांत संपवण्याची मुदत घातली असून ती फार तर आणखी एक वर्ष वाढते.

माल अडकला तर तुमचे हक्क

अधिकारी तुमचा कोड बदलून जादा शुल्क मागतो, तेव्हा माल लवकर सुटावा म्हणून "मान्य आहे" असे लिहून देण्याचा मोह होतो. लिहून देण्याआधी थांबा.

- तुम्ही लेखी मान्यता दिली नाही, तर कलम १७(५) नुसार अधिकाऱ्याने पंधरा दिवसांत कारणांसह आदेश द्यायचा असतो. अपिलात तोच आदेश तुमच्या हाती लागतो. मान्यता लिहून दिली, की हा हक्क गेला.
- माल ताबडतोब हवा असेल, तर जादा शुल्क निषेध नोंदवून भरा आणि कारणांसह आदेश लेखी मागा.
- नमुना काढला जात असेल, तर तो तुमच्या प्रतिनिधीसमोर काढला जाईल असे पाहा. मालाचा प्रातिनिधिक तुकडा गेला नाही, म्हणजे बेल्टची नुसती कड किंवा माउंटचा फक्त रबरी भाग गेला, तर अहवाल भलतेच सांगेल. प्रयोगशाळेला नेमके काय विचारले आहे तेही वाचा. "पदार्थ कोणता" एवढेच विचारले असेल, तर थरांची रचना, लेपाच्या बाजू, प्रति चौरस मीटर वजन यांचीही तपासणी व्हावी असा लेखी अर्ज द्या.
- अहवाल पटला नाही, तर तो कळल्यापासून दहा दिवसांत फेरतपासणी मागा.
- निर्णय लांबत असेल, तर कलम ४९ खाली माल सार्वजनिक गोदामात हलवण्याची परवानगी मागता येते. बंदरातल्या भाड्यापेक्षा ते बहुधा स्वस्त पडते.

विभागाने वेगळा कोड सुचवला, तर तो सिद्ध करण्याची जबाबदारी विभागावर असते, हे सर्वोच्च न्यायालयाने हिंदुस्थान फेरोडो प्रकरणात सांगितले आहे. विभागाने पुरावा दिला नसेल, तर उत्तरात हा मुद्दा सर्वांत आधी घ्या.

अपील आणि जुन्या बिलांचे काय

आदेश मिळाल्यापासून ६० दिवसांत सीमाशुल्क आयुक्त (अपील) यांच्याकडे जायचे. पुरेसे कारण असेल तर आणखी ३० दिवस मिळतात, त्यापुढे नाहीत. वादातल्या शुल्काच्या साडेसात टक्के रक्कम आधी भरावी लागते. तिथे हरलात, तर तीन महिन्यांत सेस्टॅट या न्यायाधिकरणाकडे. तिथून वर्गीकरणाचा वाद उच्च न्यायालयात न जाता थेट सर्वोच्च न्यायालयात जातो, म्हणून पुरावा पहिल्या दोन पायऱ्यांवरच पूर्ण मांडलेला हवा.

जास्त शुल्क भरले असे नंतर लक्षात आले, तर नुसता परताव्याचा अर्ज करून भागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या आयटीसी प्रकरणात स्पष्ट केले, की करनिर्धारण बदलून घेतल्याशिवाय परतावा मिळणार नाही, मग ते करनिर्धारण तुम्ही स्वतःच केलेले असो. म्हणजे आधी आपल्याच बिल ऑफ एंट्रीविरुद्ध अपील किंवा त्यात कायद्याने मान्य असलेली दुरुस्ती, आणि मग परतावा. अनेकांचे पैसे याच अज्ञानामुळे बुडतात.

कमी भरले असेल, तर विभाग दोन वर्षांपर्यंत मागणी करू शकतो; हेतुपुरस्सर लपवले असा आरोप असेल तर पाच वर्षांपर्यंत. व्याज वर्षाला १५ टक्के. साध्या चुकीत नोटीस येण्याआधी शुल्क व्याजासह भरले, तर दंड लागत नाही. २०२५ च्या वित्त कायद्याने कलम १८अ आणून माल सुटल्यानंतर आपणहून नोंदी दुरुस्त करण्याची सोयही केली आहे. चूक कळली असेल, तर ऑडिटची वाट पाहू नका.

पाच वर्षांची ही मुदत लक्षात घेऊन प्रत्येक मालाची ड्रॉइंग, वजनाचे तक्ते, नमुन्याचे फोटो आणि कोड का निवडला याचे टिपण तेवढी वर्षे सांभाळा. १ जानेवारी २०२८ पासून शुल्कसूचीच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीची नवी आवृत्ती लागू होणार आहे. त्या वेळी तुमच्या मालाचे शीर्षक किंवा त्याची टीप बदलली आहे का, हे प्रत्येक कोड घेऊन पुन्हा तपासा.